भोजनगृहांतील भूगोल

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. भाषेबरोबर आमटीचा मसाला, भाकरीचे पीठ आणि लोणच्याची फोडही बदलते, हे मात्र त्या म्हणीत सांगावयाचे राहून गेले आहे. ही गोष्ट प्रत्यक्ष पडताळून पाहावयाची म्हटल्यास शेकडो कोसांचा प्रवास घडला पाहिजे. परंतु आपल्या प्रांतात एक नगरी अशी आहे की, जेथे लोकलगाडीच्या एका दिवसाच्या प्रवासात हा सारा मुलूख जिभेस पाहावयास सापडतो. ती नगरी म्हणजे मुंबई होय.

आम्ही तालुक्याच्या गावी राहणारी माणसे. मुंबईस जाण्याचे प्रसंग आम्हांस थोडे येतात. कधी रुग्णास दाखविण्याकरिता, कधी परीक्षेस, कधी आप्ताच्या लग्नकार्यास, तर कधी शाळेच्या सहलीबरोबर. तेथे गेल्यावर आम्ही राणीचा बाग पाहतो, वस्तुसंग्रहालय पाहतो, समुद्र पाहतो. परत आल्यावर घरची मंडळी पहिला प्रश्न जो विचारतात तो मात्र असा, ‘‘मग काय काय खाल्ले?’’ हा प्रश्न पुष्कळांस हलका वाटतो. आमच्या मते त्यात इतिहासाचा आणि भूगोलाचा एक उत्तम पाठ दडलेला आहे. विद्यार्थिमित्रहो, आज आपण तोच पाठ घेऊ.

शब्दांचा विचार

प्रथम शब्द पाहू. ‘हॉटेल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ प्रवाशांनी मुक्काम करण्याचे घर असा आहे. आपण मात्र चहाच्या लहानशा दुकानासही हॉटेल म्हणतो. मराठीत यासाठी खाणावळ, उपाहारगृह आणि भोजनालय असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही निरनिराळे आहेत. खाणावळीत ठरलेले जेवण ठरलेल्या वेळी मिळते, व नेहमीचे गिऱ्हाईक महिन्याचे पैसे भरते. उपाहारगृहात चहा-फराळाचे पदार्थ दिवसभर मिळतात. मुंबईत याखेरीज आणखी दोन शब्द प्रचलित झाले. ‘इराणी’ म्हणजे इराणचा रहिवासी आणि ‘उडपी’ म्हणजे उडुपी गावचा मनुष्य. पण मुंबईकर जेव्हा ‘कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसू’ असे म्हणतो, तेव्हा त्यास दुकान अभिप्रेत असते. दूरच्या मुलखांची नावे एखाद्या शहरात दुकानांची सामान्यनामे होऊन बसावी, यावरून त्या शहरी कोण कोण येऊन राहिले हे सहज कळते.

गिरणगावची खाणावळ

मुंबईत कापसाची पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि तिचे काम १८५६ पासून सुरू झाले. पुढे गिरण्या वाढल्या, तसे रत्नागिरी, सातारा, पुणे आदि जिल्ह्यांतून हजारो लोक कामास आले. शेती थोडी, कर्ज फार आणि पावसाचा भरवसा नाही, अशा स्थितीत घरचा कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी. बायकामुले गावी राहत. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने निजत; कारण एकाची पाळी दिवसा असे, तर दुसऱ्याची रात्री. अशा माणसास गरम भाकरी कोणी द्यावयाची?

ही गरज चाळीतल्या स्त्रियांनी भागविली. आपल्याच खोलीत चूल मांडून त्या पंधरा-वीस कामकऱ्यांस दोन्ही वेळा जेवू घालीत आणि महिन्याच्या पगारास त्यांचे पैसे घेत. तोपर्यंतचा वाणसामानाचा खर्च त्यांस उधारीवर भागवावा लागे, आणि सावकाराचे व्याज त्यांच्या घामाचा मोठा वाटा खाऊन टाकी. या स्त्रियांस संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्याकरिता १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि बहुतेक खाणावळीही मावळल्या. तथापि आज मुंबईत मालवणी वा गोमंतकी पाटी लावलेल्या भोजनगृहात आपण बांगड्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेतो, तेव्हा ती रुची याच कोकणच्या वाटेने शहरात आली, हे स्मरणात ठेवावे.

इराण्याचे दुकान

दुसरे प्रवासी याहून दूरचे. पारशी लोक इराणातून गुजरातच्या किनाऱ्यास येऊन हजारांवर वर्षे लोटली. परंतु एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी यझ्द व केरमान या इराणी प्रांतांतून त्यांचेच धर्मबांधव नव्याने मुंबईस आले. तिकडे त्यांचा धर्माकरिता छळ होत असे आणि दारिद्र्यही होते. जवळ भांडवल बेताचे, पण कष्टाची सवय दांडगी. त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी घेत नसत, म्हणून ती इराण्यांस स्वस्त मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यावर दोन्ही रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, हा हिशेब त्यांस साधला.

धोबीतलावाजवळील कयानी हे दुकान १९०४ सालचे आणि बॅलार्ड इस्टेटीतील ब्रिटानिया १९२३ सालचे. अशा दुकानांतील संगमरवरी फळीची मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवरील मोठे आरसे आणि गल्ल्यामागे काचेच्या बरण्यांतून भरलेली बिस्किटे पाहून गावाकडील मुलास क्षणभर आपण जुन्या छायाचित्रात शिरलो असे वाटते. तेथील बनमस्का म्हणजे मऊ गोड पाव मधोमध चिरून त्यात भरपूर लोणी घातलेला. ब्रून पाव मात्र वरून कडक असतो. तो चहात बुडवून खावयाचा. ब्रिटानियातील पुलावात झरिश्क नावाची आंबट वाळविलेली फळे घालतात. ती इराणात होतात. आपण आमटीत जसे आमसूल घालतो, तसाच हा प्रकार. आंबट चवीवाचून घरच्या जेवणाची आठवण पुरी होत नाही, हे कोकणात खरे आणि इराणातही खरे!

इराण्याच्या दुकानाचा आणखी एक गुण आहे. एक पेला चहा घेऊन मनुष्य तेथे वर्तमानपत्र वाचीत बसला, तर त्यास सहसा कोणी उठवीत नसे. ज्यांच्या खोलीत पाय पसरावयास जागा नव्हती, अशा विद्यार्थ्यांस, कारकुनांस आणि लेखकांस या दुकानांनी बैठकीची खोली दिली. पूर्वी अशी शेकडो दुकाने होती. आता थोडीच उरली आहेत.

माटुंग्याची सकाळ

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीमुळे रोग फैलावतो हे ध्यानी आल्यावर १८९८ साली शहरसुधारणेकरिता एक मंडळ नेमले गेले, आणि त्याच्या योजनेतून पुढे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या, झाडांच्या रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कचेऱ्यांत कारकून आणि टंकलेखक म्हणून आलेली पुष्कळ दाक्षिणात्य मंडळी माटुंग्यास राहू लागली. त्यांस सकाळची इडली आणि कॉफी हवी होती. ती देणारे लोक कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून, उडुपीच्या आसपासच्या गावांतून आले. उडुपी येथे श्रीकृष्णाचा प्राचीन मठ आहे आणि तेथील अन्नदानामुळे त्या भागात शेकडो माणसांचा स्वयंपाक नीटनेटका करण्याची परंपरा आहे.

माटुंग्यात १९३९ साली रामाश्रय, १९४० साली कॅफे मद्रास आणि १९४२ साली रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. शेवटच्या ठिकाणी केळीच्या पानावर जेवण वाढतात. आमच्या सहलीतील एका मुलाने सांबाराची वाटी पाहून हळूच विचारले, ‘‘सर, ही आमटीच ना?’’ आम्ही म्हटले, ‘‘होय, आमटीची सख्खी बहीण आहे, पण माहेर निराळे.’’ दोहोंत डाळ आहे, दोहोंत चिंच आहे. परंतु एकीत गोडा मसाला व गूळ, तर दुसरीत भाजलेले धणे, मेथी, मिरची आणि कढीलिंब. मुलांनी दोहोंची तुलना पानावरच केली, आणि वर्गात नकाशावर बोट ठेवून जे ध्यानात राहत नाही ते त्या दिवशी राहिले.

डोशात विज्ञानाचाही पाठ आहे. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर ठेवतात. तेवढ्या वेळात सूक्ष्म जंतू त्या पिठात वाढतात, त्यास आंबवितात आणि वायू उत्पन्न करून ते फुगवितात. म्हणून डोशाला जाळी पडते आणि इडली हलकी होते. आपल्या घरच्या आंबोळीतही हीच क्रिया घडते.

काळबादेवी आणि भेंडीबाजार

माटुंग्याहून दक्षिणेस आल्यावर काळबादेवीचा कापडबाजार लागतो. गुजरात, काठेवाड आणि मारवाडातून पेढ्यांवर नोकरीस आलेल्या तरुणांकरिता येथे भोजनालये निघाली. १९४५ साली सुरू झालेले ठाकर भोजनालय हे त्यांपैकीच एक. तेथे ताटाभोवती वाट्यांचे मंडळ असते. डाळ किंचित गोड, भाज्या तीन-चार, फुलके तव्यावरून थेट ताटात. वाढपी पुनःपुन्हा आग्रह करीत येतो. लग्नाच्या पंगतीखेरीज असा आग्रह परक्याच्या हातून होतो, हे पाहून गावाकडील पाहुण्यास गहिवर येतो आणि पोटाचा अंदाज चुकतो!

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर भेंडीबाजार व महंमदअली रस्ता आहे. रमजानच्या महिन्यात सूर्यास्तानंतर येथे दिवसाहून अधिक वर्दळ असते. भेंडीबाजारातील नूर महंमदी हे १९२३ सालचे भोजनगृह नल्ली-निहारीकरिता प्रसिद्ध आहे. ‘निहारी’ हा शब्द सकाळ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. मांस रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे पावाबरोबर खावयाचे, अशी तिची रीत. रात्रभर ढणढणीत जाळ केल्यास ती बिघडते. निखारा राखून ठेवावा लागतो. आमच्या खेड्यांतील हुरड्याच्या आगट्या आणि दुधाची हारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही विद्या निराळी सांगावयास नको.

ज्या कुटुंबांत सामिष अन्न वर्ज्य आहे, त्यांच्या मुलांनी ते खावे असे आमचे म्हणणे नाही. काय खावे आणि काय खाऊ नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार कोणासही नाही.

फाळणीनंतरचे पाहुणे

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध व पंजाबातून लक्षावधी लोक घरदार सोडून आले. सिंधी निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. तीच छावणी पुढे उल्हासनगर झाली. शीव कोळीवाड्याच्या छावणीत पंजाबी कुटुंबे उतरली. ज्यांच्याजवळ जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही, अशा माणसाजवळ घरच्या स्वयंपाकाची कला तेवढी शिल्लक राहते. त्या कलेवर पुष्कळांनी पुन्हा संसार उभे केले. कुलाब्यातील कैलास पर्बत हे दुकान कराचीहून आलेल्या बंधूंनी १९५२ साली थाटले. डाळीच्या पिठात घोळवून तळलेल्या मासळीस मुंबईभर ‘कोळीवाडा’ हे नाव पडले, ते शीव कोळीवाड्याच्या पंजाबी लोकांमुळे, असे सांगतात.

याप्रमाणे एका शहरात आलेल्या रुची पुढे एकमेकींत मिसळल्या. वडापावाचेच उदाहरण घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे मानतात. वडा आपला, चटणी आपली. पण ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत, आणि बटाटा व मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आली. जो पदार्थ आज मराठी माणूस अभिमानाने आपला म्हणतो, त्यात तीन खंडांचा वाटा आहे. आणि त्यामुळे तो आपला असण्यास काहीच बाध येत नाही.

एका मेजावर बसण्याचा हक्क

आतापर्यंत आम्ही गोड भाग सांगितला. आता कडू भागही सांगितला पाहिजे; कारण पाठ अर्धा शिकविणे हे शिकविणे नव्हे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची अथवा स्वयंपाक्याची जात लिहिलेली असे. अस्पृश्य मानलेल्या माणसास कित्येक ठिकाणी आत पाऊल टाकता येत नसे. त्याच्याकरिता बाहेर निराळी कपबशी ठेवलेली असे, आणि ती त्यानेच धुऊन ठेवावयाची असे. खेड्यापाड्यांत ही निराळी कपबशी पुढेही फार दिवस टिकली. पैसे तेच, चहा तोच. पण भांडे निराळे. अशा काळात इराण्याच्या दुकानात सर्व जातिधर्मांचे लोक एका मेजावर बसू शकत, ही गोष्ट लहान नव्हती.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावास मुंबईच्या कायदेमंडळाने मान्यता दिली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा तो ठराव होता. खासगी उपाहारगृहे त्यात नव्हती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा केला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या त्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास तेथे मज्जाव करता येत नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तर उपाहारगृहातील सर्वांकरिता ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास वापरू न देणे हाही दंडनीय अपराध ठरविला. राष्ट्राच्या कायद्यास पेला-बशीपर्यंत उतरावे लागले, यावरून दुखणे किती खोल होते हे समजावे. मुंबईस तुम्ही गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर ‘बसू का?’ म्हणून बसता, तेव्हा हा साधासा प्रसंग कोणाच्या तरी लढ्याने साधा झाला आहे, याचे भान असू द्यावे.

वाढणारे हात

दुसरी गोष्ट आपल्या वयाच्या मुलांची. हॉटेलात मेज पुसणाऱ्या मुलास ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारण्याची वाईट चाल आपल्याकडे फार दिवस होती. दहा-बारा वर्षांची मुले गावाहून आणून त्यांस पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवीत. त्यांतील काही जिद्दीची मुले दिवसा बशा धुऊन रात्रशाळेत शिकली. मुंबईत कानडी भाषेच्या रात्रशाळा अशा मुलांनी भरून जात. परंतु सर्वांस ते साधले नाही. ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेले व ढाबे येथे कामास ठेवण्यास कायद्याने बंदी झाली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी बहुतेक सर्व कामांस लागू झाली. तरीही एखादे लहान मूल बशा विसळताना दिसल्यास त्याच्याकडे सवयीने दुर्लक्ष करू नये. १०९८ या क्रमांकावर मुलांच्या साह्यार्थ दूरध्वनी करता येतो. वयाने मोठ्या वाढप्यासही ‘दादा’, ‘काका’ म्हणून हाक मारावी. तोही कोणाच्या तरी गावाहून आलेला असतो आणि त्याची मुलेही महिनाअखेरच्या पैशाची वाट पाहत असतात.

पालकांस विनंती

मुंबईस मुलांस नेल्यास ओळखीचीच मिसळ आणि भजी मागवून परत येऊ नये; ती आपल्या गावच्या स्टँडावरही मिळतात. एक जेवण असे घ्यावे की ज्याचे नाव घरात कोणी उच्चारले नाही. आत शिरण्यापूर्वी दरपत्रक पाहावे. ताट एकदाच वाढतात की पुनःपुन्हा, हे विचारून घ्यावे, म्हणजे हिशेबाच्या वेळी तोंड उतरत नाही. विचारण्यात लाज मानू नये. मुलास स्वतः पदार्थ मागू द्यावा, बिलाची बेरीज त्यासच करू द्यावी आणि ताटात टाकू नये हे आपल्या आचरणाने शिकवावे. सर्वांनी मिळून चार निरनिराळे पदार्थ मागवून वाटून घेतल्यास पैसे तितकेच पडतात आणि ज्ञान चौपट होते. मग वाढप्यास अवकाश असल्यास, ‘तुमचे गाव कोणते?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने पुस्तकातील एखादा जिल्हा जिवंत होतो.

मुंबईच्या प्रत्येक जुन्या भोजनगृहाच्या मुळाशी घरापासून दूर पडलेल्या कोणा माणसाची भूक आहे. ती भूक भागविण्याकरिता कोणी चूल पेटविली, आणि त्या चुलीवरचे अन्न पुढे सर्व शहराचे झाले. आज जे विद्यार्थी या वर्गांत बसले आहेत, त्यांतील कित्येक उद्या शिक्षणास वा नोकरीस त्याच शहरी जातील, आणि एखाद्या संध्याकाळी घरच्या भाकरीच्या आठवणीने त्यांचेही मन भरून येईल. तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या परमुलखीच्या माणसास त्यांनी परका समजू नये. त्यालाही तीच भूक लागलेली असते.

अभ्यासार्थ प्रश्न

१. आपल्या घरच्या एका जेवणातील सर्व पदार्थ लिहा. त्यांतील कोणती पिके व कोणते शब्द परदेशांतून आले, ते शोधा.

२. खाणावळ, उपाहारगृह आणि इराण्याचे दुकान यांतील भेद उदाहरणांसह सांगा.

३. आपल्या गावातील सर्वांत जुने हॉटेल कोणी व कोठून येऊन काढले, याची वडील माणसांकडून माहिती मिळवा. तेथे पूर्वी सर्वांस एकत्र बसता येत होते काय, हेही विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे लिहा.